अनामत, अमानत आणि इमान

2012 साली कॉव्हेंट्रीत पहिल्यांदा भाड्याने घर घेतलं, तेव्हा महिन्याच्या भाड्याशिवाय डिपॉझिट म्हणून बरीच मोठी रक्कम भरावी लागली. नवीन नोकरी, नवीन देश, खिसा रिकामा. एजंटने समजावलं, की काळजी करू नका. हे पैसे मालकाला वापरून टाकता येत नाहीत, कायद्याने ते सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावे लागतात. रात्री गावी फोन केला आणि अब्बांना सगळं सांगितलं. डिपॉझिट हा शब्द ऐकून ते हसले. म्हणाले, "म्हणजे अनामतच की! घर नीट वापर हो. पैसे त्यांच्याकडे अनामत आहेत, तसं घर तुझ्याकडे अनामत आहे."

दापोली तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव. अब्बा तरुणपणी बोटीवर खलाशी होते. मग गावी परतून त्यांनी छोटं किराणा दुकान टाकलं. दुकानात गल्ल्यामागच्या फळीवर लाल कापडी बांधणीची एक वही असायची. ती उधारीची वही नव्हे. उधारीची वेगळी. ही अनामतीची. आखातात निघालेला कुणी, बागेत राखणीला राहणारा कुणी, नवऱ्याच्या दारूपासून चार पैसे लपवू पाहणारी कुणी, असे सगळे अब्बांकडे पैसे ठेवायचे. व्याज घेणं-देणं आमच्यात हराम, त्यामुळे व्याजाचा प्रश्नच नव्हता. अब्बा तारीख टाकून रक्कम लिहायचे, समोरच्याला वाचून दाखवायचे, झालं. पावती कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे एका मित्राचा प्रश्न. इथे मोटार उद्योगात काम करणारे मराठी लोक बरेच आहेत. जग्वार लँड रोव्हरचं मुख्यालय कॉव्हेंट्रीतच, आणि 2008 पासून ती टाटांची, त्यामुळे पुण्या-पिंपरीचा माणूस इथे हमखास भेटतो. असाच एक पुणेकर मित्र गेल्या रमजानमध्ये सहकुटुंब इफ्तारला आमच्याकडे आला होता. खजूर झाले, बायकोने केलेले सांदण झाले, चहा आला. मग त्याने विचारलं, "तुला एक विचारू का? रोजा, नमाज हे दिसतं आम्हाला. पण श्रद्धा म्हणजे नक्की काय असते तुमच्यात? आत काय चाललेलं असतं?"

इथल्या मराठी कार्यक्रमांत मला "तुमचं मराठी छान आहे हो" असं कौतुक पुष्कळदा ऐकायला मिळतं. मी हसून सांगतो, की आमच्याकडे अंगाईपासून भांडणापर्यंत सगळं याच भाषेत होतं, छान नसून कसं चालेल! त्या कौतुकाची सवय झालीय. पण हा प्रश्न मनापासून विचारलेला होता, आणि मला धड उत्तर देता आलं नाही. शाळेत पाठ केल्यासारखी चार वाक्यं बोललो नि विषय बदलला. खरं उत्तर एका वहीत अडकलं होतं, आणि ती गोष्ट चहाच्या एका कपात सांगण्यासारखी नव्हती.

आधी शब्दापासून सुरुवात करतो. इस्लाममध्ये श्रद्धेला शब्द आहे ईमान. मराठीला तो परका नाही. आपण इमानदार म्हणतो, बेइमान म्हणतो, इमानेइतबारे नोकरी केली म्हणतो, इमानी कुत्रा म्हणतो. गंमत अशी, की यातल्या एकाही ठिकाणी आपल्या मनात देव किंवा धर्म नसतो. मनात असतो तो भरवसा. अरबीतही मुळात तेच आहे. अ-म-न या धातूपासून अमन म्हणजे शांतता, सुरक्षितता. अमीन म्हणजे विश्वासू. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. आणि त्याच धातूपासून ईमान. अमानत मराठीत येता येता अक्षरांची अदलाबदल होऊन अनामत झाली आणि निवडणुकीत जप्त होऊ लागली. म्हणजे माझ्या घराचं डिपॉझिट आणि माझी श्रद्धा हे एकाच घराण्यातले शब्द. अब्बांना व्युत्पत्ती ठाऊक नव्हती, पण नातं पक्कं ठाऊक होतं.

आता मदरशात मुलांना काय शिकवतात ते सांगतो. ईमानाच्या सहा गोष्टी : अल्लाह, फरिश्ते, अल्लाहने पाठवलेले ग्रंथ, पैगंबर, कयामतचा दिवस, आणि तकदीर, म्हणजे बरं-वाईट सगळं त्याच्या ज्ञानात आणि मर्जीत आहे ही खात्री. या यादीचा उगम एका प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. पांढऱ्या शुभ्र कपड्यातला एक अनोळखी माणूस पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यापुढे गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि त्याने प्रश्न विचारले. इस्लाम म्हणजे काय? तर कलमा, नमाज, जकात, रोजे, हज. ईमान म्हणजे काय? तर वरच्या सहा गोष्टी. आणि तिसरा प्रश्न, एहसान म्हणजे काय? आपण मराठीत उपकार या अर्थी एहसान म्हणतो, इथे अर्थ जरा वेगळा आहे. उत्तराचा आशय असा : अल्लाहला जणू डोळ्यांनी पाहतो आहेस अशी त्याची इबादत कर, तू त्याला पाहू शकत नसलास तरी तो तुला पाहतोच आहे. तो माणूस निघून गेल्यावर पैगंबरांनी सोबत्यांना सांगितलं, की हे जिब्रील होते, तुम्हाला तुमचा दीन शिकवायला आले होते.

म्हणजे तीन पायऱ्या झाल्या. शरीराने करायचं ते, मनाने मानायचं ते, आणि कुणी बघत नसताना वागायचं ते. पहिल्या दोन पायऱ्या मला लहानपणीच पाठ होत्या. तिसरीवर मी कॉव्हेंट्रीत, चाळिशीत अडखळलो.

मशिदीच्या दिशेचंच बघा ना. कोकणात आम्ही पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे तोंड करून नमाज पढतो. लहानपणी मला वाटायचं, अल्लाह समुद्रापलीकडे राहतो. कॉव्हेंट्रीत किबला आग्नेयेला आहे. पहिल्याच दिवशी सवयीने भलतीकडे तोंड केलं आणि शेजारच्या आजोबांनी खांद्याला धरून वळवलं. तेव्हा कुरआनातल्या दुसऱ्या सूरतीतला एक विचार पहिल्यांदा नीट कळला. पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करणं म्हणजे नेकी नव्हे, असं तिथे म्हटलंय. पुढे ईमानाच्या गोष्टी येतात आणि लगेच त्यांना जोडून व्यवहार येतो : आवडत्या पैशातून नातेवाइकांना, अनाथांना, वाटसरूंना देणं, दिलेला शब्द पाळणं, अडचणीत सबर धरणं. मध्ये कुठेही परिच्छेद बदलत नाही. श्रद्धा आणि वागणूक एकाच श्वासात.

दुसऱ्या एका हदीसमध्ये ईमानाला फांद्या असलेल्या झाडासारखं मानलंय. साठ-सत्तरहून जास्त फांद्या. सगळ्यांत वरची अल्लाह एक आहे ही साक्ष, आणि सगळ्यांत खालची म्हणजे रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं. हया, म्हणजे लाज-संकोच, हीसुद्धा त्यातलीच एक. रस्त्यातला काटा उचलणं आणि तौहीद एकाच झाडाला! आमच्या गावात पावसाळ्यात पाखाडीवर शेवाळ चढलं, की अब्बा भल्या पहाटे नमाजनंतर फावडं घेऊन ते खरवडायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला काम नाही.

कॉव्हेंट्रीच्या मशिदींबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीत ते येतं. पन्नास-साठच्या दशकांत इथल्या कारखान्यांना माणसं कमी पडत होती, तेव्हा पंजाब, काश्मीर, गुजरातकडून कामगार आले. फोलशिल रोडच्या परिसरात त्यांची वस्ती झाली, दुकानं आली, मशिदी आल्या. यातले बहुतेक हनफी. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. फरक बारीक आहेत. अस्रच्या नमाजची वेळ आमच्याकडे आधी होते, आम्ही रुकूला जाताना हात उचलतो, आमीन मोठ्याने म्हणतो. सुरुवातीला माझं एकट्याचं आमीन मशिदीत घुमायचं आणि मान आपोआप खाली जायची. कुणी कधी काही बोललं नाही.

पण ईमानाबद्दलचा एक फरक मला फार विचार करायला लावणारा वाटतो. इमाम अबू हनीफा कूफा शहरातले कापडाचे व्यापारी आणि थोर विद्वान. त्यांचं म्हणणं असं, की ईमान म्हणजे मनाची खात्री आणि तोंडाने दिलेली कबुली. ते मुळात कमी-जास्त होत नाही, कमी-जास्त होते ती माणसाची करणी. 767 साली ते वारले आणि त्याच वर्षी इमाम शाफई जन्मले. शाफईंच्या मते करणीही ईमानाचाच भाग आहे. म्हणून ईमान वाढतं आणि घटतंसुद्धा. विद्वान सांगतात, की हा वाद बराचसा व्याख्येचा आहे. असेल. माझ्यापुरतं मी सांगू शकतो, की 2023 च्या फेब्रुवारीत माझं ईमान घटताना मी स्वतः पाहिलंय.

त्या वर्षी जानेवारीत अब्बा गेले. इथे पहाटेचे तीन वाजले होते. आमच्यात दफन लांबवत नाहीत. जुहरच्या नमाजनंतर जनाजा ठरला होता, म्हणजे इथले सकाळचे आठ. विमानाने मुंबई, मग रस्त्याने दापोली, हिशेब करायचीही गरज नव्हती. भाईने मोबाइल एका पुतण्याच्या हातात दिला. हलत्या चित्रात मी गुस्ल झालेला, कफनात गुंडाळलेला बाप पाहिला. जनाजाच्या नमाजला ना रुकू, ना सजदा. उभ्याउभ्या चार तकबिरा. समोर मय्यत नसताना दुरून जनाजाची नमाज हनफी पढत नाहीत, शाफई पढतात. म्हणून मी मशिदीत न जाता बैठकीच्या खोलीत, रेडिएटरशेजारी, आग्नेयेला तोंड करून एकटाच उभा राहिलो.

नमाजच्या आधी भाई पुढे झाला आणि त्याने रिवाजाप्रमाणे जाहीर केलं : अब्बांकडे कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही देऊ, कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. ही नुसती रीत नाही. कर्जाचा विषय इस्लाममध्ये फार गंभीर आहे. एका मय्यतीवर कर्ज आहे आणि ते फेडायला मागे काही नाही असं कळल्यावर पैगंबरांनी स्वतः नमाज पढवायला नकार दिला होता; एका सोबत्याने ते कर्ज अंगावर घेतलं, तेव्हाच ते पुढे झाले. वारसांचे हिस्से सांगतानाही कुरआन पुन्हा पुन्हा बजावतं, की आधी मृत्युपत्र आणि कर्ज, मग वाटणी.

तीन आठवड्यांनी भाईचा फोन आला. पलीकडच्या कुणबीवाडीतल्या एक काकी अम्मीला भेटायला आल्या होत्या. अम्मी इद्दतमध्ये होती, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई घरातच राहते, त्यामुळे भेटायला बायकांची ये-जा चालू होती. काकींचे यजमान हापूसच्या बागेत राखणदार होते. दरवर्षी हंगाम संपला की मुलीच्या लग्नासाठी थोडे थोडे पैसे अब्बांकडे ठेवायचे. 2019 पर्यंत 40 हजार ठेवले होते. 2021 मध्ये ते वारले. आता मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. काकी म्हणाल्या, की मी मागायला नाही आले, पण तुमच्या थोरल्याने मयताच्या दिवशी विचारलं होतं असं कळलं, म्हणून सांगते.

कागद काही नाही. आणि वही? वही नव्हती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. रायगडात श्रीवर्धनपासून आमच्या दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, आंब्याची कलमं आडवी झाली. आमच्या दुकानाचे पत्रे उडाले आणि चिखलातून निघालेली लाल वही म्हणजे नुसता लगदा होता. पुढचे काही महिने अब्बा आठवून आठवून लोकांचे पैसे परत करत होते. "मला आता भरवसा नाही माझ्या डोक्याचा," म्हणायचे. त्यानंतर त्यांची आठवण खरोखरच मंदावत गेली.

मी भाईला काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. "असं कुणीही येऊन काहीही सांगेल. उद्या दुसरी येईल, परवा तिसरी. पुरावा काय आहे? रकमेचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे." वर आणखी शहाणपणा शिकवला, की कुरआनातली सगळ्यांत लांब आयत कशाबद्दल आहे माहितीय ना? देण्याघेण्याची लेखी नोंद करण्याबद्दल! रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, लिहिणाऱ्याने टाळाटाळ करू नये. मग लिहिलेलं नाही ते आपण कसं मानायचं?

माझं म्हणणं खरं होतं. ती आयत आहे. श्रद्धेच्या ग्रंथात सर्वांत जास्त जागा एका हिशेबाच्या वहीला मिळावी, याचं मला आजही कौतुक वाटतं. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, अशी शिकवणही आमच्याकडे आहे. भाबडेपणा म्हणजे ईमान नव्हे. पण 40 हजार म्हणजे तेव्हाचे साधारण चारशे पौंड. आमच्या घरचा थोड्या आठवड्यांचा किराणा. एवढ्यासाठी मी आयत शोधून काढली होती. रकमेचा प्रश्न नाही असं माणूस म्हणतो, तेव्हा बहुधा रकमेचाच असतो.

भाई शांतपणे म्हणाला, "तुझं बरोबर असेल. पण प्रश्न अब्बांच्या आखिरतचा आहे. तू कुणालातरी विचार तिकडे."

मी आमच्या भागातल्या इमामसाहेबांना विचारलं. मूळचे भरूचकडचे, वयस्कर, कमी बोलणारे. इशानंतर मशीद रिकामी झाली होती. सगळं ऐकून ते म्हणाले, की नियम स्पष्ट आहे. पुरावा द्यायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर. पुरावा नसेल तर नाकारणाऱ्याने कसम खायची. त्या बाईंकडे पुरावा नाही. तुम्हाला द्यायचं बंधन नाही.

मला हायसं वाटलं. मी उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आता मला सांगा, तुमच्या वालिदसाहेबांनी ते पैसे घेतलेच नव्हते, अशी कसम खाऊ शकाल?"

मी गप्प.

"नाही ना? तुम्ही जास्तीत जास्त एवढीच कसम खाऊ शकता, की मला माहीत नाही. तेवढ्याने तुम्ही सुटता. काजीसमोर सुटता." आणि मग थोडं थांबून म्हणाले, "तुमचे वालिद कसे होते, तुम्हाला माहीत आहे. लोक त्यांच्याकडे पैसे ठेवत, हेही माहीत आहे. बाकी तुम्ही जाणा."

त्यांनी मला पैसे द्या असं सांगितलं नाही. आजवर मला तेच सगळ्यात जास्त लागलंय.

त्या शनिवारी गावात काही काम होतं म्हणून गेलो आणि कॅथेड्रलच्या पडक्या भिंतींत जाऊन बसलो. कॉव्हेंट्रीचा पाहुणा आला की आम्ही त्याला हमखास तिथे नेतो. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी शहर जाळलं, त्यात ते जुनं कॅथेड्रल गेलं. नुसत्या भिंती आणि मनोरा उरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पुन्हा बांधायचं ठरलं, आणि सूडाची किंवा ईर्षेची खूण म्हणून नव्हे, तर श्रद्धेची, भरवशाची. युद्ध संपेल का, कोण जिंकेल, कशाचाही पुरावा हातात नसताना. शेजारी नवीन कॅथेड्रल उभं राहून खुलं व्हायला 1962 उजाडलं. पडक्या भागात वेदीमागच्या भिंतीवर क्षमा मागणारे दोनच शब्द कोरले आहेत, पित्याला उद्देशून. "त्यांना" क्षमा कर, असं नाही. नुसतं, क्षमा कर. म्हणजे बाँब टाकणाऱ्यांना आणि आम्हालाही. मी पाहुण्यांना हे दहा वेळा समजावून सांगितलं असेल. त्या दिवशी ते माझ्यासाठी लिहिल्यासारखं वाटलं.

तिथे बसल्या बसल्या एक साधी गोष्ट लक्षात आली. मी सारखा काकींच्या इमानाचा पुरावा मागत होतो. पण एक राखणदार माणूस वर्षानुवर्षं घामाचे पैसे दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या वाडीतल्या माणसाच्या हातात ठेवतो, पावतीसुद्धा मागत नाही, त्याने कुणाकडे पुरावा मागितला होता? मक्केतली माणसं पैगंबरांना नबी मानायच्या आधीपासून अल-अमीन, म्हणजे विश्वासू, म्हणत होती. पुढे त्याच गावाने त्यांच्या जिवावर उठायचं ठरवलं, तरी लोकांच्या ठेवी त्यांच्याकडेच होत्या. 622 मध्ये त्यांना मक्का सोडून मदीनेला जावं लागलं, तेव्हा अली (र.) यांना मागे ठेवलं ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. ज्या ठेवी परत गेल्या त्या मुसलमानांच्याच होत्या असं नाही. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यात मी नेहमी स्वतःला अलींच्या बाजूला उभा केलेला असतो. आणि प्रत्यक्षात वेळ आली तेव्हा मी काय म्हणालो? पुरावा काय आहे.

भाईला फोन केला. त्याने आणि ताईने आधीच ठरवलं होतं, माझ्या होकारासाठी थांबले होते. वाटणीच्या आधी अब्बांच्या पैशातून 40 हजार बाजूला काढले. रमजान सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी काकींना घरी बोलावलं. मी व्हिडिओ कॉलवर होतो. भाईने अम्मीसमोर नोटा मोजून काकींच्या हातात दिल्या. काकींनी त्या पुन्हा मोजल्या, सावकाश. मग त्यातल्या वीस नोटा वेगळ्या काढून भाईपुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "ह्यातले धा माझे न्हायत, बाबा."

यजमान दवाखान्यात होते तेव्हा अब्बा स्वतः वाडीवर जाऊन 10 हजार देऊन आले होते. काकींनी अम्मीला सांगितले होते ते ठेवलेले पैसे. घ्यायचे किती हे आम्ही विचारलंच नव्हतं. आम्हीच ठेवलेले आणि येणे एक समजलो. त्या 10 हजारांबद्दल आम्हा कुणालाही काहीही माहीत नव्हतं. अब्बा नव्हते, त्यांचे यजमान नव्हते, वही नव्हती. लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. काकींनी त्या नोटा पदरात बांधून नेल्या असत्या, तर जगात एकाही माणसाला कळलं नसतं.

कुणी बघत नसताना वागायचं ते. तिसरी पायरी. पांढऱ्या कपड्यातल्या त्या अनोळखी माणसाच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी एका काकींच्या हातात पाहिलं. त्यांच्या देव्हाऱ्यात कोण आहे हे मला माहीत आहे, माझ्या किबल्याची दिशा त्यांची नाही. तो फरक मी पुसू पाहत नाही, त्याही पुसत नाहीत. पण ज्याला मी एहसान म्हणतो ते मला त्या दिवशी ज्या माणसात दिसलं, त्याचं नाव प्रामाणिकपणे सांगायलाच हवं.

अम्मीने ते 10 हजार परत काकींच्या हातात ठेवले. म्हणाली, "हे हिशेबातले नाहीत. पोरीला आमच्याकडून आहेर." त्यावर दोघींचं बराच वेळ चाललं. शेवटी काकींनी ते घेतले. फोनच्या छोट्या पडद्यावर दोन म्हाताऱ्या रडताना दिसत होत्या आणि कॉव्हेंट्रीत माझा चहा गार झाला होता.

त्या रमजानमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी नेहमीप्रमाणे घड्याळं पुढे गेली आणि इफ्तार एका रात्रीत तासाने लांबला. मुलांनी कुरकुर केली. त्यांना म्हटलं, घड्याळ बदललं तरी सूर्य त्याच्या वेळेलाच मावळतोय, रोजा तेवढाच आहे. ईमान घटतं की नाही, या वादात मी अजूनही शाफईंच्या बाजूचा. घटतं, मी पाहिलंय. पण वाढतंही, आणि ते वाढवायला कधीकधी दुसरं माणूस लागतं.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. आत काय चाललेलं असतं विचारलंस ना? बहुतेक वेळा वकिली चाललेली असते. आपल्या बाजूने आयती शोधणं, नियम शोधणं चाललेलं असतं. आणि कधीतरी, अल्लाहची मेहरबानी झाली, तर ती वकिली थांबते. माझ्यापुरतं तेवढं थांबणं म्हणजे ईमान. सबर, शुक्र, हया, शब्द पाळणं, शेजाऱ्याला आपल्यापासून भीती नसणं, हे सगळे गुण त्याच्या फांद्या आहेत. पण मूळ तिथे आहे.

विनोबांनी अरबी शिकून कुरआनाचा अभ्यास केला आणि त्यातले निवडक विचार एकत्र करून कुराण सार केलं, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. तेही कोकणातलेच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचे. एवढा अभ्यास प्रत्येकाला जमणार नाही, मलाही जमलेला नाही. पण शेजारच्या घरात श्रद्धा म्हणजे काय, हे चहा पिताना विचारायला काहीच हरकत नसते. तू विचारलंस, म्हणून मला हे लिहावं लागलं.

पहिलं भाड्याचं घर आम्ही काही वर्षांनी सोडलं, तेव्हा डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. अब्बांना फोन केला तर त्यांनी पैशांबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "घर होतं तसं परत दिलंस ना?"

दिलं होतं, अब्बा. ते घर दिलं होतं. आता जे श्वास, जी माणसं, जो शब्द सांभाळायला दिलाय, तेही तसंच परत देता यावं. आपली अनामत जप्त होऊ नये, एवढीच दुआ.